स्वच्छतेसाठी नेलेले घुबड : संग्रहालयाच्या नूतनीकरणातील फसवणूक

शिकारी पक्ष्यांची माहिती देणाऱ्या आमच्या छोट्या शैक्षणिक संग्रहालयाच्या नूतनीकरणाचे काम ज्या कंत्राटदाराला दिले होते, त्याने आपल्या जुन्या कामांची म्हणून दाखवलेली छायाचित्रे मुळात दुसऱ्याच कोणाच्या कामाची होती, हे निम्म्याहून अधिक रक्कम आगाऊ दिल्यानंतर उघड झाले. असे काम बाहेर देऊ पाहणाऱ्यांच्या उपयोगी पडावे, म्हणून पुढचा तपशील लिहीत आहे.

पेंढा भरलेले जुने पक्षी त्याने ‘स्वच्छतेसाठी’ म्हणून नेले. विसाव्या शतकातही बराच काळ असे नमुने टिकवण्यासाठी कातडीला आतून आर्सेनिक या विषारी द्रव्याचा लेप देत असत, त्यामुळे जुना नमुना तपासल्याशिवाय आणि हातमोज्यांशिवाय हाताळू नये. त्याची माणसे मात्र उघड्या हातांनी धूळ झटकत होती, आणि तपासणीविषयी विचारले की ‘ते आम्ही बघतो’ एवढेच उत्तर मिळे.

परत आलेले गव्हाणी घुबड लांबून नवेकोरे दिसत होते. घुबडाच्या पंखातील सर्वांत बाहेरच्या पिसाच्या पुढच्या कडेला कंगव्यासारखे बारीक दाते असतात, आणि त्याच्या निःशब्द उड्डाणात त्यांचा वाटा असतो. येथे ती कड बोटाला गुळगुळीत लागली, कारण रंगवलेली कोंबडीची पिसे सरसकट चिकटवली होती. ऑस्प्रे या मासे पकडणाऱ्या शिकारी पक्ष्याच्या जागी तर घारीच्याच साच्यातली प्रतिकृती आली. ऑस्प्रेचे बाहेरचे बोट मागे वळू शकते आणि निसटता मासा धरण्यासाठी तळव्यावर काटेरी खवले असतात. या महाशयांच्या पंज्यात मासा होता, तळवा मात्र सपाट! मूळ नमुने कीड लागल्याने टाकून दिले, असे तोंडी सांगण्यात आले.

अतिनील किरण अडवणाऱ्या काचेऐवजी साधी काच बसवली होती आणि पिसांना साधारण 50 लक्स (प्रकाशाची तीव्रता मोजण्याचे एकक) प्रकाश पुरेसा मानला जात असताना दागिन्यांच्या दुकानात शोभतील असे दिवे लावले होते. मीटरने मोजताच दोन्ही गोष्टी सिद्ध झाल्या.

नमुन्यांच्या बाबतीत तसा पुरावा नव्हता, कारण करारात ‘नमुन्यांचे नूतनीकरण, एकत्रित’ एवढीच ओळ होती. नमुना आवाराबाहेर जाण्यापूर्वी पंखाची कड, तळवे आणि नोंदणी क्रमांक यांची जवळून छायाचित्रे काढून त्यांवर नेणाऱ्याची सही घ्यावी, आणि काच व दिवे मीटरने तपासल्याशिवाय शेवटचा हप्ता देऊ नये.