फोमच्या गाठीत खडू: अंडरलेच्या धंद्यात मी कसा फसलो

भोसरी एमआयडीसीत माझं छोटं युनिट आहे. कार्पेटखाली घालतात तो अंडरले आम्ही बनवतो. गाद्या, सोफे, गाड्यांच्या सीट बनवताना उरलेली फोमची कात्रणं विकत घ्यायची, मशीनमध्ये बारीक करायची, बाईंडर म्हणजे तुकडे चिकटवणारं रसायन मिसळून साच्यात दाबायची, वाफ द्यायची आणि ठोकळा वाळला की त्यातून १० मिलीमीटरची शीट काढायची. बाजारात याला रिबाँडेड म्हणतात. चांगला रिबाँडेड कार्पेटखाली वर्षानुवर्षं टिकतो. गेल्या वर्षी मी विकलेला पाच महिन्यांत भुगा झाला.

मला कात्रणं विकणाऱ्या व्यापाऱ्याने फसवलं आणि तोच माल माझ्या हातून माझ्या गिऱ्हाइकांच्या गळ्यात पडला. पैसे गेल्यापेक्षा हे दुसरं जास्त लागलं. गादीवाले, सोफावाले, अंडरलेवाले, फोमची कात्रणं घेणाऱ्या सगळ्यांनी वाचावं म्हणून सविस्तर लिहितोय.

आधी घनतेचं सांगतो, कारण सगळी फसवणूक तिच्याच आडून झाली. १०० घनता म्हणजे एक घनमीटर ठोकळ्याचं वजन १०० किलो. त्यातून १० मिलीमीटरची शीट काढली की चौरस मीटरला १ किलो वजन भरतं. आर्किटेक्ट असो, कंत्राटदार असो, तुकडा कापून काट्यावर ठेवतो आणि १ किलो भरलं की पास करतो. मीही इतकी वर्षं तेच करत आलो होतो.

हा व्यापारी ओळखीतून आला. पहिल्या तीन गाड्या चोख दिल्या. चौथ्या वेळी दिवाळीच्या तोंडावर फोन आला. "दादा, एका गादी कारखान्याचा लॉट निघालाय, चार टन. तुमच्यासाठी किलोमागे चौदा रुपये कमी लावतो. पण पैसे आज टाका, दुसरं गिऱ्हाईक दारात उभं आहे." माझ्या हातात एका हॉटेलच्या बँक्वेट हॉलची ९०० चौरस मीटरची ऑर्डर होती, शिवाय आणखी तीन छोट्या. मी पैसे टाकले.

गाडी आली तेव्हा तो स्वतः हजर होता. "कुठलीही गाठ फोडून बघा," म्हणाला. मी मागच्या फळीजवळच्या दोन गाठी फोडल्या. लवचिक, स्वच्छ माल. चाळीस गाठींतल्या दोन, त्याही दाराशी ठेवलेल्या, आणि तेवढ्यावर मी गाडी उतरवून घेतली. आतल्या बहुतेक गाठींमध्ये फिलर घातलेला फोम होता.

फिलर म्हणजे कॅल्शियम कार्बोनेट, सोप्या भाषेत खडूची भुकटी. फोम ओततानाच ती रसायनात मिसळतात. गादी जड लागते, घनतेचा आकडा वर जातो आणि खर्च कमी येतो. पण खडूला ना ताण सोसतो ना दाब. तो फोमच्या पेशींच्या भिंतींत नुसता अडकून बसतो आणि फोम वारंवार दबला की त्या भिंती तिथेच तुटायला लागतात.

आता हिशोब बघा. साधा गादीचा फोम धरा २५ घनतेचा. त्यापासून १०० घनतेचा एक घनमीटर ठोकळा करायचा, तर बाईंडर सोडून बघितलं तरी जवळपास चार घनमीटर फोम त्यात दाबून बसवावा लागतो. अंडरलेची सगळी ताकद या दाबण्यात आहे. खडू घातलेला फोम ४० घनतेचा असेल तर अडीच घनमीटरमध्येच १०० किलो होतात. काटा दोन्ही वेळा तेच वजन दाखवतो. चौरस मीटरला १ किलो बरोबर भरतो आणि तरीही आत फोम कमी असतो.

खुणा समोर होत्या, हे आज लक्षात येतं. मशीनवरचा मुलगा दुसऱ्याच दिवशी म्हणाला, "दादा, आज धूळ फार उडतेय." मी मास्क लावायला सांगितलं आणि ऑफिसात गेलो. एरवी १०० किलो चुरा साच्याच्या तोंडापर्यंत येतो, झाकण बसवायला प्रेसला जोर लावावा लागतो. त्या आठवड्यात चुरा साच्यात खाली बसत होता आणि प्रेस अलगद उतरत होता. काम लवकर उरकतंय म्हणून मला बरं वाटलं. तिथेच थांबायला हवं होतं. धुळीचंही तसंच. आम्ही शंभर किलो चुऱ्याला साधारण दहा किलो बाईंडर घालतो. भुकटी वाढली की बाईंडर तीच पिऊन टाकते आणि मोठे तुकडे एकमेकांना धरायला पुरेसा उरत नाही.

मार्चमध्ये हॉटेलमधून फोन आला. गेलो तर कार्पेटवर जिथे जिथे गोल टेबलं लागत होती तिथे खड्डे पडलेले. दाराजवळच्या वाटेवर कार्पेट सैल होऊन लाटा उठल्या होत्या आणि एका वेटरचा पाय अडकून तो पडला होता. सुदैवाने हातात ट्रे नव्हता. कोपऱ्यातली ग्रिपर पट्टी, म्हणजे कार्पेटची कड धरून ठेवणारी पट्टी, सोडवून कार्पेट उचललं. खाली शीट नव्हतीच, रव्यासारखा पांढुरका भुगा होता. हॉटेलचे मॅनेजर एक शब्दही बोलले नाहीत. मी भुगा पिशवीत भरून घेतला.

त्या संध्याकाळी माझ्याकडून एक चूक झाली, तीही लिहितो. मी बाईंडर देणाऱ्या काकांना फोन करून नको ते बोललो. नऊ वर्षांचा व्यवहार, कधी एक डबा खराब निघाला नव्हता, तरी ठोकळा सुटला म्हणजे बाईंडरच खोटा, असं मी धरून चाललो. काका दुसऱ्या दिवशी सकाळी स्वतः आले. चिडले नाहीत. भुगा बोटांत चोळून बघितला आणि बाथरूम धुवायचं ॲसिड मागितलं. काचेच्या वाटीत भुगा घेऊन त्यावर थोडं ॲसिड टाकलं. फसफसून बुडबुडे आले. "फोम असा फसफसत नाही. हा खडू आहे," एवढंच म्हणाले. मी त्यांची माफी मागितली.

मग नमुने प्रयोगशाळेत दिले. भट्टीत जाळून उरलेली राख मोजतात, साधी चाचणी आहे. चांगला फोम जळाल्यावर जवळपास काहीच उरत नाही. माझ्या नमुन्यात १०० ग्रॅममागे २६ ग्रॅम राख उरली. (हे घरी किंवा शेडमध्ये पेटवून बघू नका. फोमचा धूर विषारी असतो.)

व्यापाऱ्याला अहवाल पाठवला. तो म्हणाला, "शेठ, बिल वाचा." बिलावर "फोम स्क्रॅप" एवढंच होतं. फिलरचा फोमही फोम स्क्रॅपच, म्हणजे बिल खोटं नाही. वकिलांनी सांगितलं की कारखान्यासाठी घेतलेला माल म्हणजे व्यापारी कारणासाठी केलेली खरेदी, त्यामुळे ग्राहक आयोगाचा रस्ता बंद. उरतो १९३० चा माल विक्री कायदा. त्याच्या कलम १७ प्रमाणे नमुना दाखवून विकलेला माल नमुन्याशी जुळायला हवा. पण तो नमुना माझ्याकडे कुठे होता? फोडलेल्या दोन गाठी पहिल्याच दिवशी मशीनमध्ये गेल्या. आणि माल वाजवी मुदतीत नाकारला नाही तर स्वीकारला असं मानलं जातं. मी पाच महिने गप्प होतो.

तरी सोडलेलं नाही. भरपाईची रक्कम ३ लाखांच्या वर असल्याने दाव्याआधी मध्यस्थीला जावं लागलं. समोरचा आलाच नाही. तसा अहवाल मिळालाय, आता दावा दाखल होतोय. हातात प्रयोगशाळेचा अहवाल, व्हॉट्सॲपवरचे त्याचे मेसेज आणि न वापरलेल्या अकरा गाठी आहेत.

आता माझ्याकडे गाडी आली की मी सांगेन त्या गाठी फुटतात, पुढच्या, मधल्या आणि तळाच्या. प्रत्येकीतून मूठभर कात्रण पारदर्शक पिशवीत जातं, पिशवीवर तारीख आणि दोघांच्या सह्या होतात. एक पिशवी माझ्याकडे, एक त्याच्याकडे. बिलावर "फिलरविरहित पीयू (पॉलियुरेथेन) फोम कात्रण" असं लिहून घेतो. याला नाही म्हणणारे दोन व्यापारी भेटले, त्यांच्याकडून माल घेतला नाही. ॲसिडची बाटली काट्याशेजारीच ठेवलीय, हातमोजे आणि चष्म्यासकट. आगाऊ पैसे निम्म्याहून जास्त देत नाही. आणि मशीनवरच्या मुलाला सांगून ठेवलंय की धूळ जास्त वाटली किंवा प्रेस हलका उतरला तर मला न विचारता मशीन बंद कर.

अंडरले विकत घेणाऱ्यांनाही एक सांगतो. वजनावर जाऊ नका. तुकडा दोन्ही हातांनी फाडून बघा. चांगला रिबाँडेड फाटताना तुकडे स्वतः फाटतात. वाईट असेल तर तुकडे एकमेकांपासून सुटतात आणि हाताला भुकटी लागते. शंका वाटली तर विक्रेत्याकडे राखेच्या चाचणीचा अहवाल मागा.

हॉटेलचा पूर्ण हॉल आणि बाकीच्या तिघांचा माल मी माझ्या खर्चाने बदलून दिला. हॉटेलने पुढची ऑर्डर दुसऱ्याला दिली, त्यात त्यांची चूक नाही.

त्या अकरा गाठी शेडच्या मागे ताडपत्रीखाली आहेत. मागच्या आठवड्यात एक जण निम्म्या भावाने मागत होता, उशा भरायला. मी दिल्या नाहीत. दाव्याचा निकाल लागेपर्यंत त्या पुरावा म्हणून राहतील, मग अधिकृत कचरा प्रक्रियेला जातील. त्याचे पैसेही मलाच भरावे लागणार आहेत.