रोहू-कटल्यासाठी पहिला सेट घेताय? तीनशे, बाराशे, पाच हजार की वीस हजार

परवा मावसभावाचा फोन आला, म्हणे दादा मी मासेमारी सुरू करतोय, कार्टमध्ये अठरा हजारांचं सामान टाकून ठेवलंय, फक्त पेमेंटचं बटन दाबायचं बाकी आहे, पण बायको म्हणते बाराशेचा सेट मिळतो तो घे, तर तू सांग कोणाचं ऐकू. मी म्हटलं दोघांचंही नको. मग फोनवर जे तासभर बोललो तेच इथे लिहितोय, कारण धरणाच्या काठावर दर रविवारी कोणीतरी नवीन माणूस हाच प्रश्न विचारतो.

आधी हे ठरवा की मासा कुठला आणि पाणी कुठलं. आपल्याकडे कार्प म्हणजे कटला, रोहू आणि मृगळ, शिवाय सायप्रिनस (कॉमन कार्प), गवत्या (ग्रास कार्प), चंदेऱ्या (सिल्व्हर कार्प). पहिले तीन मुळात गंगेच्या खोऱ्यातले, आपल्या धरणांत ते दिसतात कारण बीज आणून सोडलं जातं, आणि ते बीज हवं तेव्हा तयार करता येतं कारण १९५७ साली ओडिशात हिरालाल चौधरींनी इंजेक्शन देऊन कार्पचं प्रजनन करून दाखवलं (१० जुलैला मत्स्यशेतकरी दिन असतो तो त्याचाच). हे सांगायचं कारण म्हणजे हे मासे कोणीतरी पैसे घालून पाण्यात सोडलेले असतात, बहुतेक धरणं-तलाव मच्छीमार सहकारी संस्थांकडे ठेक्याने असतात, त्यामुळे सामानाच्या आधी काठावरच्या माणसाला विचारा की इथे गळ टाकलेला चालतो का, पावती लागते का. मुंबईत पवईला महाराष्ट्र स्टेट अँगलिंग असोसिएशन आहे, तिकडचे नियम तिथेच जाऊन विचारायचे. आणि पावसाळ्याच्या सुरुवातीला माशांचा विणीचा काळ असतो, तेव्हा सुट्टी घ्या, तेवढ्यात सामान जमवा.

आता पहिला पर्याय, तीनशेवाला, म्हणजे हातदोरी. शंभर मीटर तंगूस (नायलॉनचा दोर), गळांचं एक पाकीट, शिशाचे दोन-चार तुकडे, एक घुंगरू, आणि गुंडाळायला घरातली रिकामी प्लास्टिकची बाटली. बाटली डाव्या हातात आडवी धरायची, तोंड पाण्याकडे, उजव्या हाताने शिसं गोल फिरवून सोडायचं, दोर बाटलीवरून सुरसुर निघत जातो. याच्यावर लोक हसतात पण पहाटे रोहू काठाजवळच्या गवतात चरायला येतो तेव्हा पंधरा-वीस मीटर फेक पुरते आणि तर्जनीवर दोर ठेवून बसलात की मासा नुसता चाटून गेला, तोंडात घेऊन थुंकला की खरंच घेऊन निघाला हे बोटाला जसं कळतं तसं कुठल्याही रॉडवर कळत नाही. मी दीड वर्ष हेच केलं. तोटा एवढाच की तीन-चार किलोच्या वर मासा लागला की दोर बोटं कापतो, म्हणून जुन्या सायकलच्या ट्यूबचा तुकडा बोटात घालायचा, आणि लांबच्या पाण्यातला कटला याने मिळेल ही आशा सोडायची. महिन्यातून एकदा जाणार असाल किंवा आपल्याला हे काठावर बसणं झेपतंय का हेच अजून माहीत नसेल तर इथेच थांबा, पुढचं वाचलंत तरी खर्च करू नका.

दुसरा, बाराशेवाला. हा तो ऑनलाइन दिसणारा तयार सेट, घडीचा रॉड, रीळ, दोर, रबराचे रंगीबेरंगी मासे आणि चेनची पिशवी. चारही पर्यायांत सगळ्यात वाईट हा, आणि नव्वद टक्के नवीन लोक हाच घेतात, मीही घेतला होता. पानशेतच्या बाजूला गेलो होतो, सकाळी साडेसात वगैरे, घुंगरू वाजलं, रॉडचं टोक असं काही वाकलं की मी चहा सांडून पळालो. मासा सरळ आत निघाला आणि खरं तर अशा वेळी रिळाने दोर सोडायला हवा ना, त्यालाच ड्रॅग म्हणतात, पण माझं रीळ गच्च अडकून बसलं, मग मी घाईत चकती उलटी फिरवली तर एकदम सगळंच सैल झालं, दोराचा झुबका झाला आणि तो झुबका रॉडच्या पहिल्या कडीत जाऊन अडकला आणि फट्. शेजारी बाटलीवरची हातदोरी टाकून एक काका बसला होता, त्याने काही न बोलता माझ्या दोराचा हातभर तुकडा तोडला, त्याला साधी गाठ मारली आणि दोन्ही हातांनी झटका दिला. गाठीपाशी कट्कन तुटला. मग स्वतःच्या दोराचा तुकडा घेऊन तसंच केलं, तर तो त्याच्या तळहातात रुतला पण तुटला नाही. केवढ्याला घेतलं विचारलं, मी बाराशे म्हटलं, तर म्हणाला दोर बदला, रीळ पोराला खेळायला द्या.

तेच करायला गेलो आणि तिथेच खरा हिशोब कळला. चांगला दोर घातला साडेतीनशेचा, तरी ड्रॅग अडकतोच, मग रीळ बदललं, मग नवीन रीळ त्या घडीच्या रॉडवर बसवलं तर रॉडच्या कड्या इतक्या खरखरीत की नवीन दोर महिन्यात खरखरीत झाला, शेवटी रॉडही बदलला. म्हणजे बाराशे गेले ते गेले आणि पाच हजार वरून लागले. त्याच बाराशेत चार माणसांची हातदोरी होते.

तिसरा, पाच हजारवाला, आणि माझं मत विचाराल तर वर्षभर नियमित जाणाऱ्यासाठी हाच. पण तयार पाकिटात नको, सुटं सुटं घ्या. माझा हिशोब असा आहे, दुकानागणिक शे-दोनशे इकडेतिकडे होतील: रीळ दोन हजार, रॉड दीड हजार, दोर साडेतीनशे, गळ-स्विव्हल (दोराला पीळ पडू न देणारी फिरती कडी)-शिसं मिळून तीनशे, जाळं सहाशे, घुंगरू पन्नास. झाले चार हजार आठशे. बाकीचे दोनशे चाऱ्याच्या पेंड आणि कोंड्याला.

यात सगळ्यात जास्त रिळाला का, तर वर सांगितलं तेच, ड्रॅग. स्पिनिंग रीळ घ्या, ४००० साइजचं, ०.३० मिलीमीटरचा दोर दीडशे मीटर सहज बसतो. शिमानो, दायवाची सुरुवातीच्या किमतीची रिळं या बजेटच्या आसपास असतात, त्यातलं कुठलंही चालेल, बेअरिंग किती लिहिलेत त्याच्या नादी लागू नका, स्वस्त रिळांवरच ते आकडे मोठ्या अक्षरात छापलेले असतात. दुकानात हँडल सावकाश फिरवून कानाजवळ धरा, कचकच लागली की परत ठेवा. सेकंडहँड घेत असाल तरी हीच परीक्षा. घरी आल्यावर दोन लिटरची पाण्याची बाटली भरून दोराला बांधा आणि रॉड धरून उचला, ड्रॅग असा लावा की बाटली जेमतेम उचलते आणि थोडा झटका दिला की दोर कुरकुर करत सुटतो. दोर साधारण आठ किलोचा असेल तर त्याच्या पाव वजनावर ड्रॅग, म्हणजे दोन किलो, म्हणून दोन लिटरची बाटली. एवढं केलं असतं तर माझा पानशेतचा मासा, जाऊ दे.

रॉड सात-आठ फुटी, दोन तुकड्यांचा, घडीचा नको. फायबरग्लासचा जड असतो पण आपटला तरी टिकतो, कार्बनचा हलका आणि खिसाही हलका करणारा, सुरुवातीला फायबर किंवा मिक्स काहीही घ्या. कार्बनमधून वीज वाहते हे मात्र लक्षात असू द्या, धरणाकडे जाताना हाय टेन्शनच्या तारा खूप ठिकाणी आहेत, त्याखालून उभा रॉड घेऊन चालायचं नाही आणि ढग गडगडले की रॉड आडवा ठेवून लांब जायचं.

दोर आणि गळ यांच्यात कंजुषी करायची नाही. दोर साधा मोनो (एकाच धाग्याचा नायलॉन), ब्रेडेड (विणलेला) आत्ता नको, तो जवळजवळ ताणतच नाही, मोठ्या माशाने झटका दिला तर तो झटका सावरायला काहीच उरत नाही, नवीन हाताच्या चुका मोनोचा तो थोडासा ताण माफ करतो. गाठ ओढायच्या आधी थुंकी लावायची, कोरडी ओढली की घासून गरम होते आणि तिथेच दोर कमजोर पडतो. गळ मस्टॅडचे ६ किंवा ८ नंबरचे घ्या, नखावर टोक टेकवलं आणि न घसरता रुतलं तर धार आहे. बाजारात गोळ्याभोवती सहा-आठ गळ लटकणारे तयार झुबके मिळतात, मला ते आवडत नाहीत, मासा पोटाला-डोळ्याला अडकतो, आणि छोटा निघाला तर सोडायच्या लायकीचा राहत नाही.

जाळं लोक टाळतात. मग काठावर पायाशी आलेला मासा दोराने वर ओढतात, आणि तो नेमका तिथेच सुटतो. सहाशे रुपये वाचवायची ही जागा नाही.

चौथा, वीस हजारांच्या आसपासचा आणि त्याच्या वरचा. भावाच्या कार्टमध्ये होता तो हा: बारा फुटी दोन रॉड, त्यांचा स्टँड, मासा लागला की वाजणारे ब्ल्यूटूथवाले बाइट अलार्म, माशाला झोपवायची गादी, बॉयलीचे (आमिषाच्या उकडलेल्या गोळ्यांचे) दोन डबे. हा सगळा प्रकार इंग्लंडचा आहे, तिकडचे लोक तलावाकाठी तंबू ठोकून दोन-दोन रात्री राहतात, झोपेत कळावं म्हणून अलार्म, शंभर मीटर फेकायचं म्हणून बारा फुटी रॉड, आणि पकडलेला मासा वजन-फोटो करून परत सोडतात, त्याला खरचटू नये म्हणून गादी. तिकडे तो खर्च बरोबर आहे, त्यात काही चूक नाही. पण आपण पहाटे पाचला जाणार आणि अकराला ऊन चढलं की परत येणार, बऱ्याच ठिकाणी रात्री बसूही देत नाहीत, तर अलार्म कोणासाठी? रॉड समोर दोन हातांवर आहे, पन्नास रुपयांचं घुंगरू पुरतं. बारा फुटी रॉड झाडीखाली फिरवताही येत नाही.

त्या व्हिडिओंमधून घ्यायची एकच गोष्ट आहे आणि ती फुकट आहे, हेअर रिग. लेनी मिडलटन आणि केव्हिन मॅडॉक्स या दोघांनी सत्तरच्या दशकाच्या शेवटी तिकडे ती काढली. आमिष गळात टोचायचं नाही, गळाच्या मागे बारीक दोऱ्याला लटकवायचं, मासा आमिष ओढून घेतो, काहीतरी गडबड वाटली म्हणून बाहेर टाकायला जातो आणि मोकळा गळ ओठात बसतो. सायप्रिनसला तर फारच छान चालते. त्यावर बॉयली कशाला, रात्रभर भिजवून उकडलेला हरभरा किंवा मक्याचा दाणा लावा. कोरडा दाणा मात्र पाण्यात टाकू नका, माशाच्या पोटात जाऊन फुगतो.

आणि चारा. शेंगदाण्याची पेंड तासभर भिजवायची, त्यात तांदळाचा कोंडा आणि बांधायला मूठभर कणीक, वास असा सुटतो की गाडीत आठवडाभर राहतो, घरचे ओरडतात. गोळा बादलीभर पाण्यात टाकून बघायचा, दहा-पंधरा मिनिटांत कडेने सुटायला लागला पाहिजे, दगडासारखा राहिला तर कणीक जास्त झाली. मृगळ आणि सायप्रिनस तळाशी खातात म्हणून तळाला गोळा, रोहू मधल्या पाण्यात फिरतो पण चाऱ्यावर खाली उतरतो. कटल्याचं तोंडच वर वळलेलं, तो वरच्या थरात खातो, त्याला तरंगत्या बोयाखाली मऊ आमिष लागतं, आणि खरं सांगायचं तर तो पहिल्या सीझनला लागत नाहीच. वीस हजार घातले तरी नाही.

भावाने शेवटी कार्ट रिकामी केली, रीळ आणि दोर नवीन घेतलं, रॉड माझा जुना फायबरचा फुकट मागितला, म्हणजे त्याचा खर्च साडेतीन हजारांच्या आत बसला आणि बायकोला मात्र बाराशेच सांगितलेत. रविवारी पहाटे साडेचारला येतोय, पेंड मी भिजवायची आणि जाळं त्याने आणायचं ठरलंय, विसरणार हे मला आत्ताच माहीत आहे म्हणून माझं पण गाडीत टाकून ठेवलंय.