दोन प्लगच्या जुन्या गाडीच्या प्लग वायर बदलल्या: अकरा महिन्यांनंतरचा अनुभव

माझी गाडी म्हणजे २००७ सालची, दीडशे सीसीची मोटरसायकल असून तिच्या एकाच सिलिंडरला दोन स्पार्क प्लग आहेत. सतरा वर्षे वापरलेल्या वायरीचे रबर कडक झाले, तर तो बनवणाऱ्याचा दोष म्हणता येत नाही, त्यामुळे कंपनीचे नाव येथे घेत नाही. जुलै २०२४ च्या पहिल्या आठवड्यात मी उजवीकडची प्लग वायर कॉइलसकट (कॉइल म्हणजे ठिणगीसाठी जास्त व्होल्टेज तयार करणारा भाग) बदलली, डावीकडची कापून नीट केली आणि दोन्ही प्लग कॅप, म्हणजे वायरीच्या टोकाला प्लगवर बसणारी टोपणे, नवीन घातल्या. त्यानंतर एक पावसाळा, एक हिवाळा आणि एक पूर्ण उन्हाळा गाडी रोज चालली आहे. नागपुरात शंकरनगरहून हिंगणा एमआयडीसी आणि परत, शिवाय अधूनमधून रामटेक, असे मिळून सुमारे ७,४०० किलोमीटर झाले. एवढ्या वापरानंतर या कामाविषयी काही ठामपणे सांगता येईल, असे वाटते.

दुखण्याची सुरुवात २३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे झाली. त्या रात्रीच्या पावसाने अंबाझरी तलाव ओसंडला आणि आमच्या भागातल्या अनेक घरांप्रमाणे आमच्या पार्किंगमध्येही पाणी शिरले. गाडी सीटपर्यंत बुडाली होती. इंजिन ऑइल दोनदा बदलले, एअर फिल्टर नवीन घातला, कार्बोरेटर धुतला आणि गाडी चौथ्या दिवशी सुरू झाली. प्लगच्या वायरी मात्र नुसत्या फडक्याने पुसल्या, आणि चूक झाली ती येथेच. गढूळ पाणी कॅपच्या आत, वायरीच्या तांब्यापर्यंत गेले होते, पण बाहेरून काळे रबर स्वच्छ दिसत असल्याने कोणालाही शंका आली नाही.

पुढचे आठ महिने गाडी बंद पडली नाही, फक्त थकल्यासारखी चालू लागली. दोन प्लगच्या इंजिनाची ही गोष्ट प्रत्येक मालकाने नीट समजून घ्यावी असे मला मनापासून वाटते. एका प्लगच्या गाडीची वायर गेली की गाडी रस्त्यातच उभी राहते आणि दोष लगेच सापडतो. दोन प्लगच्या गाडीत एक ठिणगी नाहीशी झाली तरी दुसरी पेट्रोल पेटवत राहते. गाडी सुरू होते, चालते, ऑफिसलाही पोचवते, पण पिकअप कमी होतो, ॲव्हरेज उतरते आणि चढावर मध्येच एखादा झटका बसतो. मग माणूस कार्बोरेटर, क्लच प्लेट, चेन असे एकेक बदलत जातो. मीही तेच केले. माझ्या ओळखीच्या मेकॅनिकने, ज्यांच्या हातावर माझा आजही विश्वास आहे, तेव्हा सांगितले होते, "वायर काही एवढ्यात बिघडत नसते भाऊ, जेट साफ करून देतो." जेट, म्हणजे कार्बोरेटरमधले पेट्रोलचे बारीक छिद्र, दोनदा साफ झाले, ट्यूनिंग तीनदा झाले, आणि ॲव्हरेज ४६ वरून ३९ वर आले ते तेथेच थांबले.

जूनमध्ये पहिला पाऊस पडला आणि गाडी स्पष्टपणे मिसिंग मारू लागली, म्हणजे मधूनमधून ठिणगी चुकवू लागली. त्या रात्री पार्किंगमधला दिवा बंद करून गाडी सुरू केली आणि झाडांना पाणी मारायच्या बाटलीतून टाकीखाली अगदी हलका फवारा मारला. उजवीकडे, जेथे वायर चॅसीच्या पाइपला टेकून वळते, तेथे निळसर ठिणगी टकटक करत पाइपवर उडत होती. इतके महिने शोधलेला दोष एका मिनिटात डोळ्यांसमोर होता. ही तपासणी करताना गाडी चालू असेपर्यंत वायरीला, कॅपला किंवा कॉइलला अजिबात हात लावू नये, कारण त्या वायरीत हजारो व्होल्ट असतात.

दुसऱ्या दिवशी खात्री करून घेतली. गाडी बंद करून उजवी कॅप काढली, तिच्यात एक जुना प्लग बसवून त्याचे धातूचे अंग इंजिनाच्या हेडला तारेने घट्ट बांधले आणि गाडी सुरू केली. कॅप नुसती मोकळी सोडून इंजिन चालवू नये, कारण ठिणगीला वाट मिळाली नाही तर तो ताण कॉइलच्या आतल्या इन्सुलेशनवर येतो. उजवा प्लग असा बाजूला काढूनही आयडलिंग (गाडी उभी असतानाचे इंजिनाचे संथ चालणे) तसूभर बदलले नाही, म्हणजे तो आधीपासूनच जवळजवळ काम करत नव्हता. डाव्या बाजूला हीच तपासणी केली तेव्हा इंजिन लगेच अडखळून बंद पडले.

मग टाकी उतरवली. उजव्या वायरीचे रबर पाइपला घासून एका जागी इतके पातळ झाले होते की नखाने दाबल्यावर आतले तांबे जाणवत होते, आणि वायर वाकवली की बाकीच्या भागावरही बारीक भेगा उमलत होत्या. नागपूरच्या उन्हाचा यात मोठा वाटा आहे. याच गाडीने २०१३ चा मे महिना पाहिला आहे, ज्यात २३ तारखेला शहराचा पारा ४७.९ अंशांवर गेला होता, आणि टाकीखाली इंजिनाच्या धगीची त्यात भर पडते. डावी वायर अंगाने मऊ होती. तिची कॅप घड्याळाच्या उलट्या दिशेने फिरवून काढली तेव्हा तांब्याच्या टोकावर हिरवट भुकटी दिसली. ब्लेडने एक सेंटीमीटर कापले, आत काळे. आणखी एक कापले, तांबूस काळे. तिसऱ्या कापानंतर तांब्याच्या तारा नव्या नाण्यासारख्या चमकल्या. वायरीला तेवढी ढील होती, म्हणून डावी वाचली.

या गाडीत वायर कॉइलमध्येच ओतून बसवलेली असते, त्यामुळे नुसती वायर बदलता येत नाही. मधोमध कापून जोड द्यावा, असेही एकाने सुचवले. मी ते केले नाही आणि कोणी करू नये असे माझे मत आहे, कारण टेपने गुंडाळलेला जोड पहिल्याच पावसात पुन्हा त्याच ठिकाणी ठिणगी बाहेर सोडतो. वायरीसकट कॉइल ३८० रुपयांना मिळाली.

कॅपच्या बाबतीत मात्र मनस्ताप झाला. बर्डीवरच्या (सीताबर्डी बाजारातल्या) एका दुकानातून साठ रुपयांना एक अशा दोन कॅप आणल्या. गाडी उत्तम चालली, पण स्पीडोमीटरच्या डिजिटल पट्टीवरचे आकडे उड्या मारू लागले. मल्टीमीटर लावला तर कॅपचा रोध शून्य दाखवत होता. मूळ कॅपमध्ये ५ किलोओहमचा रोध असतो आणि तो ठिणगीमुळे होणारा विद्युत गोंगाट दाबून ठेवतो. तो नसेल तर सीडीआय (ठिणगीची वेळ ठरवणारा इलेक्ट्रॉनिक डबा) आणि मीटर यांना त्रास होऊ शकतो. (जुन्या उजव्या कॅपचा रोध १९ किलोओहम होता आणि ती हलवली की आकडा पळत होता, म्हणजे पुराचे पाणी तेथेही पोचले होते.) दुकानदाराने माल परत घेतला नाही. दुसऱ्या दुकानातून १४० रुपयांना एक अशा दोन कॅप आणल्या, त्या काउंटरवरच मोजून घेतल्या आणि मीटरचा त्रास त्याच दिवशी थांबला. कॅप विकत घेताना मल्टीमीटर सोबत न्यावा, दुकानदार नाराज झाला तरी चालेल.

बसवताना कॅप वायरीवर घड्याळाच्या दिशेने घट्ट फिरवली, कारण तिच्या आतला स्क्रू तांब्याच्या तारांत शिरायला हवा. रबरी तोंडाच्या आतून सिलिकॉन ग्रीसचा पातळ थर दिला. नवी उजवी वायर पाइपला टेकू नये म्हणून तिला वेगळ्या वाटेने नेऊन सैलसर बांधले. दोन्ही प्लगही त्याच वेळी बदलले, कारण प्लगची गॅप, म्हणजे ठिणगी उडते ते अंतर, वाढली की ठिणगीला जास्त व्होल्टेज लागते आणि ते व्होल्टेज कमकुवत रबरातून बाहेर पडायची वाट शोधते.

फरक पहिल्याच दिवशी जाणवला. हिंगणा रोडवर चौथ्या गिअरमध्ये ४० च्या वेगाने जाताना पूर्वी ॲक्सिलरेटर दिला की गाडी क्षणभर विचार करायची, ती आता सरळ उचलते. थंडीत सकाळी सेल्फवर पहिल्या-दुसऱ्या झटक्यात सुरू होते. ॲव्हरेज पहिल्या महिन्यापासून ४५ ते ४७ च्या दरम्यान राहिले आहे. वायर, कॅप आणि प्लग एकदम बदलल्यामुळे यातले किती श्रेय कशाचे हे वेगळे काढता येणार नाही, परंतु त्याआधी प्लग दोनदा नवीन घालूनही काही फरक पडला नव्हता, म्हणून मी मोठा वाटा वायर आणि कॅपलाच देतो. पावसाळ्यात नरेंद्रनगरच्या पुलाखालून घोट्याएवढ्या पाण्यातून दोनदा जावे लागले, एकदाही मिसिंग आले नाही. मे महिन्यात भर दुपारी सिग्नलवर तापलेल्या अवस्थेतही आयडलिंग स्थिर होते.

नाराजीची बाब म्हणाल तर नव्या वायरीचे रबर मूळ वायरीइतके जाड वाटत नाही, आणि सिलिकॉन ग्रीस दर चार-पाच महिन्यांनी पुन्हा द्यावे लागते, कारण धूळ ते शोषून घेते. स्वतः काम केले तर दोन तास पुरतात, त्यातला बराचसा वेळ टाकी उतरवण्यात जातो.

या जूनमध्ये पहिल्या सरीनंतर पुन्हा दिवा बंद करून तोच फवारा मारला. उजवीकडे पूर्ण अंधार होता. डावीकडेही ठिणगी दिसली नाही, पण दुसऱ्या दिवशी टॉर्चच्या उजेडात डाव्या वायरीच्या कॉइलजवळच्या वळणावर केसाएवढी एक भेग सापडली. तिच्यासाठीची कॉइल आणून ठेवली आहे, पुढच्या रविवारी टाकी उतरवणार आहे.