चंद्रावर गेलेलं की पाण्यात उतरणारं?

म्हापशाचा माझा भाचा दोन घड्याळांमध्ये अडकलाय. एक ओमेगाचं स्पीडमास्टर, अपोलो ११ ला पन्नास वर्षं झाली म्हणून २०१९ मध्ये काढलेलं, पोलादी, मोजून ६९६९ नग. दुसरं सीकोचं एसएलए०१७, २०१७ चं, फक्त २००० नग. १९६५ साली सीकोने जपानचं पहिलं डायव्हर, म्हणजे पाणबुड्यांसाठीचं घड्याळ काढलं, त्याचा हा नवा अवतार. दोन्ही आता सेकंडहँडच मिळणार.

स्पीडमास्टरची गोष्ट कुणालाही भुरळ घालेल. मुळात ते १९५७ चं, मोटार शर्यतींसाठी केलेलं स्टॉपवॉचवालं घड्याळ. वेग मोजायची पट्टी तबकडीवरून काढून बेझेलवर, म्हणजे काचेभोवतीच्या कडीवर आणली ती त्यातच. पुढे चंद्रावर यानातलं टायमर बिघडलं, म्हणून आर्मस्ट्राँगने आपलं घड्याळ आत ठेवलं आणि बाहेर चाललं ते ऑल्ड्रिनच्या मनगटावरचं. ते नंतर संग्रहालयाकडे जाताना वाटेतच गहाळ झालं! या आवृत्तीत नऊच्या जागच्या छोट्या तबकडीत सोनेरी ऑल्ड्रिन शिडी उतरतोय. घड्याळ उजेडात जरा तिरकं धरलं की तो उठून दिसतो. मागच्या झाकणावर बुटाचा ठसा. याला हाताने चावी द्यावी लागते; सकाळच्या चहाबरोबर त्याचीही मजा येते.

पण भाचा राहतो गोव्यात. स्पीडमास्टरची पाण्याची मर्यादा ५० मीटर, म्हणजे हात धुवायला हरकत नाही, पोहायला मी तरी घालणार नाही. ओल्या हाताने स्टॉपवॉचची बटणं दाबणं तर नकोच. पणजीच्या मिरामार किनाऱ्यावर एका संध्याकाळी माझ्या एका जुन्या घड्याळाच्या काचेखाली वाफ धरली होती. आठवड्याभरात काट्यांवर गंजाचे ठिपके. तेव्हापासून खाऱ्या हवेत रबरी वायसर म्हातारे झालेले घड्याळ मी हातात घालत नाही.

सीको याबाबतीत निर्धास्त. २०० मीटर, चावी आट्यांनी घट्ट बसणारी, काच सफायरची, आणि स्टीलच्या पट्ट्यासोबत सिलिकॉनचा पट्टाही. मूळ १९६५ चं घड्याळ जपानी मोहिमेबरोबर अंटार्क्टिकाला गेलं होतं. चंद्राइतका गाजावाजा नाही, पण काम तेच. व्यास ३९.९ मिमी, ओमेगाचा ४२. भाच्याचं मनगट बारीक आहे, त्याला हे शोभेल. चालायला दोन्ही सारखीच, काढून ठेवल्यावर साधारण ५० तास. सीको ऑटोमॅटिक, त्यामुळे रोज घालणाऱ्याला चावीची कटकट नाही.

पुढे विकायचं झालं तर ओमेगाला गिऱ्हाईक लवकर मिळेल, नग जवळजवळ साडेतीनपट असूनही. मात्र त्याच्यासारख्या स्टॉपवॉचवाल्या घड्याळाची सर्व्हिसिंग साध्या यंत्रापेक्षा महाग पडते, हे किमतीत धरूनच बोलणी करावी. सीकोत कडा तपासायच्या: आरशासारख्या पॉलिशच्या त्या धारदार रेषा कुणी घासून बोथट केल्या असतील, तर तो नग सोडायचा.

मला विचाराल तर सीको. घालणार असेल तर. नुसतं जपायचं असेल तर ओमेगा. मात्र घड्याळावरचा क्रमांक कागदांवरच्या क्रमांकाशी जुळवून घे रे बाबा, आणि डबा भिंतीतल्या कपाटात ठेवू नकोस. आमच्याकडे जुलैत त्या कपाटातल्या चपलांनाही पांढरी बुरशी येते, आणि बुरशी लागलेल्या डब्याचे गिऱ्हाईक पैसे कापतं.