घरी वेपचं लिक्विड मिक्स करतोय, सात महिने झाले, त्यातले साडेचार वजनकाट्याने खाल्ले

मी लेस्टरला राहतो, सिगारेट सुटून तीन वर्षं झाली, तेव्हापासून वेपवर, म्हणजे ई-सिगारेटवर आहे. नव्यांसाठी थोडक्यात: पीजी (प्रोपिलीन ग्लायकॉल, पातळ) आणि व्हीजी (व्हेजिटेबल ग्लिसरीन, घट्ट) हे लिक्विडचे दोन मूळ द्रव, कॉन्सन्ट्रेट म्हणजे चवीचा अर्क, आणि निकशॉट म्हणजे त्यात मिसळायची निकोटिनची १० मिलीची बाटली. भारतातून कोणी वाचत असेल तर एक आधीच सांगतो, तिकडे २०१९ च्या कायद्याने ई-सिगारेट बनवणं, विकणं, बाहेरून आणणं सगळ्यावर बंदी आहे, पहिल्या वेळेलाच १ वर्षापर्यंत कैद किंवा १ लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही, त्यामुळे हे सगळं इंग्लंडपुरतं समजा. मी स्वतः नाशिकला घरी जातो तेव्हा सगळं इथेच ठेवतो आणि निकोटिनची च्युइंगम घेऊन जातो. आणि जे मुळात ओढतच नाहीत त्यांनी कृपया यात शिरू नका.

सुरुवात पैशांमुळे झाली. दिवसाला साधारण ५ मिली लागतं, १० मिलीची बाटली ४ पौंडाला, म्हणजे महिन्याला ६० पौंड नुसते धुरात. इथे निकोटिनवालं लिक्विड १० मिलीपेक्षा मोठ्या बाटलीत आणि मिलीला २० मिलीग्रॅमपेक्षा स्ट्राँग विकताच येत नाही, त्यामुळे मोठी बाटली घेऊन स्वस्तात पाडावं म्हटलं तरी सोय नाही. त्यात सरकारने १ ऑक्टोबर २०२६ पासून दर १० मिलीला २ पौंड २० पेन्स ड्यूटी जाहीर केली, निकोटिन असो वा नसो, ते वाचलं त्याच रात्री काटा, लिटरभर व्हीजी, अर्धा लिटर पीजी आणि सहा कॉन्सन्ट्रेट मागवले.

आता काट्याबद्दल, कारण माझं म्हणणं एवढंच आहे की या कामात चव, रेसिपी, ब्रँड सगळं नंतर, आधी काटा. सिरिंजने मोजायचं मी दोन वेळा केलं, व्हीजी एकतारी पाकासारखं, सुईतून येता येत नाही आणि शेवटचं अर्धा मिली आतच चिकटून राहतं. वजनाने करणंच बरोबर. फक्त मिली म्हणजे ग्रॅम नाही हे डोक्यात ठेवा, १ मिली व्हीजी १.२६ ग्रॅम भरतं आणि पीजी १.०४. मी पहिल्याच बॅचला ७० मिलीऐवजी ७० ग्रॅम व्हीजी ओतलं, म्हणजे साडेचौदा मिली कमी, आणि लिक्विड घशाला लागायला लागलं तेव्हा कळलं.

तर हा काटा. ०.०१ ग्रॅमपर्यंत दाखवतो, दिसायला छान, विकणाऱ्याच्या पेजवर स्पष्ट लिहिलेलं की ऑटो-ऑफ (आपोआप बंद होणं) बंद करता येतो. प्रत्यक्षात ६० सेकंद वजन हललं नाही की स्क्रीन बंद. यूएसबी लावलेली असतानासुद्धा! तुम्ही आंब्याच्या फ्लेवरचे थेंब मोजताय, झाकण लावताय, दुसरी बाटली उघडताय, हातमोजा चिकटलाय, तेवढ्यात काटा गेला. परत चालू केला की वरच्या बाटलीसकट शून्य. ३० मिलीच्या टेस्ट बॅचमध्ये १ टक्का फ्लेवर म्हणजे फक्त ०.३ मिली, दहा-बारा थेंब, त्यातले किती पडले आणि किती राहिले हे कसं सांगायचं? शिवाय हळूहळू थेंब टाकले तर हा काटा ते मोजतच नाही, आपला शून्यावरच बसून राहतो. मी पहिल्या दोन महिन्यांत पाच बाटल्या ओतून दिल्या. त्यातली एक कस्टर्डची होती, तिचं मला अजून वाईट वाटतं.

विकणाऱ्याला मेल केला. पहिलं उत्तर, बॅटरी बदला. दुसरं उत्तर, तीस दिवस उलटून गेलेत, काही करता येणार नाही. इथे मी खरंच चिडलो. २०१५ च्या ग्राहक कायद्यात सरळ आहे, घेतल्यापासून सहा महिन्यांत दोष दिसला तर तो आधीपासूनच होता असं धरतात, तसं नव्हतं हे दुकानदाराने दाखवायचं. पेजचा स्क्रीनशॉट, काटा बंद पडतानाचा व्हिडिओ आणि कायद्याचं नाव असा तिसरा मेल टाकला.

अपडेट: त्या मेलच्या उत्तराची वाट बघताना एक गोष्ट सापडली आणि मत थोडं बदललं. टेअर, म्हणजे बाटलीसकट आकडा शून्य करणारं बटण, दाबायचंच नाही. रिकामी बाटली ठेवून वजन वहीत लिहायचं, माझी १२० मिलीची १७.४० भरते, आणि पुढे प्रत्येक जिनसानंतर एकूण आकडा किती व्हायला हवा ते आधीच लिहून ठेवायचं. काटा मेला तर बाटली उचला, चालू करा, परत ठेवा, आकडा बघून पुढे ओता. थेंब मोजत नसेल तर तेच, उचलून परत ठेवा. हे पहिल्या दिवशी कळलं असतं तर पाच बाटल्या वाचल्या असत्या, पण म्हणून काट्याला माफी नाही, पेजवर जे लिहिलं ते मिळायलाच हवं.

बाकीचं पटकन. एकूण १२० मिलीत १८ मिलीग्रॅमचे दोन निकशॉट धरले की मिलीला बरोबर ३ मिलीग्रॅम निकोटिन होतं. निकशॉट हाताळताना हातमोजे घाला आणि सगळं कुलपात ठेवा, आमच्याकडे चार वर्षांचा मुलगा आहे, यात तडजोड नाही. घरातला केकचा इसेन्स चुकूनही नको, तेल असलेलं काही फुप्फुसात जाता कामा नये. आणि मुरू द्या. फळांचं दोन-तीन दिवसांत होतं, पण कस्टर्ड लोणच्यासारखं आहे, पहिल्या दिवशी हलवून वास घेतला तर नेलपॉलिश, तीन आठवड्यांनी तीच बाटली चहाच्या रंगाची आणि जिभेवर अशी गोल की मी बायकोला झोपेतून उठवून वास दिला. हापूस मात्र विसरा, तीन कंपन्यांचा आंबा वापरला, तिन्ही पन्ह्याच्या पावडरीच्या पुढे जात नाहीत.

खर्च, काटा आणि वाया गेलेल्या बाटल्या धरून पहिल्या तीन महिन्यांत काहीच वाचलं नाही. आता १२० मिली साधारण साडेआठ पौंडात पडतं, दुकानात तेवढ्याच लिक्विडला ४८ लागतात.

अपडेट २: तिसऱ्या मेलनंतर अकराव्या दिवशी नवा काटा आला, दुसरं मॉडेल, जास्तीचे पैसे न घेता. टेबलावर ठेवला, बाटली ठेवली, १७.४० दिसलं, मी उठून चहा केला, प्यायलो, परत आलो. १७.४०. विकणाऱ्याच्या पेजवर रिव्ह्यूत दोन स्टार दिले होते, आज चार केले. पाचवा देत नाही, कारण साडेचार महिने गेले ते गेले.