पानगळीतला चौघांचा कॅम्प: एक मोठा तंबू, दोन छोटे की हॅमक?

उन्हाळ्यात हा प्रश्न फारसा अडत नाही; कुठेही अंग टाकलं तरी रात्र निघते. पानगळीच्या शेवटाला मात्र अंधार लवकर पडतो, रात्र बारा-तेरा तासांची होते, पहाटे पारा शून्याच्या जवळ येऊ शकतो आणि जंगलातली जमीन आधीच ओली असते. अशा वेळी तंबू निवडताना बहुतेक जण वाऱ्या-पावसाचा विचार करतात. प्रत्यक्षात रात्र खराब होते ती दोन गोष्टींनी: आतून धरणारी ओल आणि खालून चढणारा गारठा. एक मोठा तंबू, दोन छोटे किंवा हॅमक (दोन झाडांमध्ये टांगायचा कापडी झोळा), हे तिन्ही पर्याय याच दोन कसोट्यांवर तोलायला हवेत.

एकच मोठा तंबू

आधी हिशेब जागेचा. ‘चार माणसांचा तंबू’ म्हणजे खांद्याला खांदा लावून झोपलेली चार माणसं, सामान वेगळं. झोपायची नेहमीची मॅट ५१ सेंटिमीटर रुंद असते. चार मॅट म्हणजे २०४ सेंटिमीटर, आणि अशा तंबूचा तळ साधारण २१० ते २४० सेंटिमीटर रुंद. कुणी ६४ सेंटिमीटरची रुंद मॅट आणली की कडेचे दोघे तंबूच्या भिंतीला चिकटलेच. म्हणून चौघांसाठी सहा माणसांचा तंबू बघा. पण कॅम्पसाइटवर आखून दिलेल्या जागेत तो दोऱ्यांसकट मावेल का, हे आधी मोजून घ्या. दोऱ्यांसाठी चारही बाजूंना किमान एक मीटर धरायला हवा.

भिंतीला चिकटणं एवढं वाईट का? एका माणसाच्या श्वासातून आणि त्वचेतून रात्रभरात पाव ते अर्धा लिटर पाणी वाफ होऊन बाहेर पडतं. चौघांचं मिळून एक ते दोन लिटर. ही वाफ थंड कापडावर थेंब होऊन बसते. दुहेरी भिंतीच्या तंबूत, म्हणजे आतला तंबू आणि त्यावर वेगळं आवरण असलेल्या तंबूत, ती बाहेरच्या आवरणाच्या आतल्या अंगाला जमते. आतली भिंत आवरणाला टेकली की ओल झिरपत स्लीपिंग बॅगच्या पायाकडच्या टोकाला पोचते. थंडी वाजते म्हणून सगळ्या झिपा गच्च लावणं ही इथली सर्वात नेहमीची चूक. वरचा झरोका उघडा ठेवा, दाराची झिप वरून वीतभर खाली घ्या आणि आवरणाच्या खालच्या कडेला हवा शिरायला फट राहू द्या. खालून गार हवा आत, वरून दमट हवा बाहेर. ओले मोजे आणि जॅकेट आत वाळत घालायचे नाहीत.

‘चौघं एकत्र म्हणजे ऊब जास्त’ हा समज इथेच फसतो. तंबूमुळे आतलं तापमान बाहेरच्यापेक्षा थोडंसंच वाढतं. मोठ्या तंबूत हवाही जास्त असते आणि उंच छतामुळे ऊब वर जाऊन बसते. ऊब द्यायचं काम बॅगचं आणि मॅटचं.

मोठ्या तंबूचा खरा फायदा वेगळाच आहे. पाऊस लागला तर सगळ्यांना एकत्र बसता येतं, उभं राहून कपडे बदलता येतात. तोटे: उंच भिंती वाऱ्यात हेलकावतात, उभारायला दोघं आणि अर्धा तास लागतो, एक घोरला की चौघं जागे, आणि एक काठी मोडली की चौघंही उघड्यावर.

दोन-दोन जणांचे छोटे तंबू

बुटका, घुमटाकार तंबू वारा अंगावरून जाऊ देतो. दहा मिनिटांत उभा राहतो. कॅम्पवर पोचेपर्यंत अंधार झालेला असला तर हे फार मोलाचं. झाडांच्या मुळांमधली, थोडी उंच, कोरडी जागाही त्याला सापडते. ओढ्याकाठचा सपाट खळगा दिसायला सुंदर असतो, पण रात्री थंड हवा उतारावरून ओघळून तिथेच साचते. काही मीटर वरची जागा पहाटे जाणवण्याइतकी उबदार असते.

झाडाखाली की मोकळ्यावर, याला सरळ उत्तर नाही. फांद्यांच्या छपराखाली दव कमी पडतं, कारण कापडाची उष्णता उघड्या आकाशाकडे निघून जात नाही. उलट पाऊस थांबल्यावरही तिथे तासभर ठिबकत राहतं. वाळलेली, अर्धवट तुटलेली फांदी डोक्यावर असेल तर मात्र ती जागा सोडाच.

खुंट्या ठोकण्याआधी पाचोळा बाजूला करा. पाचोळ्यातून ठोकलेली खुंटी घट्ट वाटते, पण तिचा निम्मा भाग पानांतच असतो आणि रात्रीच्या झोताबरोबर ती उपटून येते. आवरण नायलॉनचं असेल तर भिजल्यावर ते सैल पडतं. झोपायच्या आधी दोऱ्या पुन्हा ताणून घ्या. पॉलिस्टर कमी सैलावतं. तंबूखाली अंथरलेलं प्लास्टिक तळाच्या बाहेर डोकावत असेल तर पावसाचं पाणी त्यावर पडून सरळ तुमच्या पाठीखाली येतं. कडा आत दुमडा.

छोट्या तंबूची उणीव एकच, पण मोठी: संध्याकाळी सहापासून दहापर्यंत बसायचं कुठे? त्याला उपाय म्हणजे सोबत एक वेगळा टार्प, म्हणजे छपरासारखं बांधायचं जलरोधक कापड. तीन बाय तीन मीटरचा टार्प एका बाजूने खाली उतरता बांधला की चौघांना बसायला आडोसा होतो. आमचं मत विचाराल तर चौघांसाठी दोन छोटे तंबू आणि एक टार्प हीच जोडी. मुलं सोबत असतील किंवा गाडी थेट कॅम्पसाइटला लागत असेल, तरच मोठा तंबू.

हॅमक

जमीन ओली, उताराची, दगडधोंड्यांची असेल तर हॅमकला तोड नाही. पण पानगळीत तो नवख्याचं काम नव्हे. अंगाच्या वजनाने बॅगचा खालचा भाग चेपतो, त्यातली हवा जाते आणि पाठीखालून वारा लागतो. आत मॅट घातली तर ती रात्रभर सरकत राहते. हॅमकच्या बाहेरून, खाली टांगायची रजई हवीच. ती नसेल तर हा पर्याय बाद.

झाडाला बांधायचे पट्टे किमान अडीच सेंटिमीटर रुंद, झाडं जिवंत आणि निदान १५ सेंटिमीटर जाडीची, अंतर चार ते पाच मीटर, पट्ट्याचा उतार आडव्या रेषेपासून सुमारे ३० अंश. हा कोन महत्त्वाचा आहे. ८० किलोच्या माणसासाठी ३० अंशांत प्रत्येक पट्ट्यावर ८० किलोचा ताण येतो. हॅमक घट्ट ताणून १५ अंशांवर आणला तर तोच सुमारे १५५ किलो होतो. शिवाय काही कॅम्पग्राउंडवर झाडांना काही बांधू देत नाहीत. बुकिंग करतानाच विचारा.

पर्याय कोणताही असो, अंथरूण-पांघरूण

तंबूवर खर्च करून मॅटवर काटकसर करणारे सर्वात जास्त कुडकुडतात. मॅट थंडी किती अडवते ते तिच्या आर-मूल्यावरून कळतं. साध्या फोमच्या मॅटचं ते २ च्या आसपास असतं. शून्याजवळच्या रात्रीसाठी ४ किंवा जास्त हवं. ही मूल्यं बेरजेत चालतात: दोन मॅट एकावर एक घातल्या की जमतं. मोठ्या तंबूत लोक हमखास आणतात ती डबल, जाड, हवा भरायची गादी आतून पोकळ असते. हवा आत फिरते आणि अंगाची ऊब जमिनीला देते. ती आणलीच असेल तर फोमची मॅट तिच्या खाली नको, वर घाला.

स्लीपिंग बॅगवर आयएसओ २३५३७ या आंतरराष्ट्रीय मानकाप्रमाणे तापमानाचे आकडे असतात. ‘कम्फर्ट’, म्हणजे आरामात झोप लागेल ते तापमान, हा तुमचा आकडा. ‘लिमिट’ म्हणजे अंग आखडून कशीबशी काढलेली रात्र, आणि ‘एक्स्ट्रीम’ म्हणजे जीव वाचण्याची मर्यादा. जाहिरातीत ठळक बहुधा शेवटचे दोन. शून्याची रात्र अपेक्षित असेल तर कम्फर्ट शून्य किंवा उणे बघा. आणि हे आकडे खाली मॅट घालूनच काढलेले असतात. पिसांची बॅग हलकी आणि उबदार, पण ओली झाली की पिसं चिकटून ऊब जाते. दोन रात्रींचा दमट कॅम्प असेल तर कृत्रिम भरणाची, थोडी जड बॅग कमी दगा देते.

स्टोव्ह आणि शेकोटी

सकाळी गॅस ‘संपला’ वाटतो, पण डबी हलवली तर आत द्रव खळखळतो. साधा ब्युटेन उणे अर्ध्या अंशाला उकळतो, म्हणजे त्याखाली त्याचा वायूच होत नाही. आयसोब्युटेन उणे १२ अंशांच्या आसपास, प्रोपेन उणे ४२. आयसोब्युटेन-प्रोपेनचं मिश्रण घ्या, रात्री डबी बॅगजवळ ठेवा आणि गरज पडली तर कोमट पाण्याच्या ताटलीत उभी करा. गरम पाण्यात कधीच नाही. वाऱ्यासाठी डबीसकट स्टोव्हभोवती पत्रा गुंडाळला तर डबी तापून फुटू शकते.

तंबूत स्टोव्ह पेटवायचा नाही, निखाऱ्यांची शेगडी तर मुळीच नाही. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो आणि झोपलेल्याला ते उठवत नाही. झरोका उघडा आहे म्हणून चालेल, असंही नाही. शेकोटी तंबूपासून चार-पाच मीटर दूर, वारा तंबूकडून जिकडे वाहतो त्या बाजूला आणि पाचोळा झाडलेल्या जागीच लावा; एक ठिणगी नायलॉनला भोक पाडायला पुरते.

निघताना

सकाळी तंबू ओलाच गुंडाळावा लागणार, हे धरून चाला. आवरण आणि आतला तंबू वेगवेगळ्या पिशव्यांत भरा, म्हणजे आतला निदान कोरडा राहतो. घरी पोचल्यावर त्याच दिवशी दोन्ही पसरा. छोटा तंबू बाल्कनीतल्या दोरीवर वाळतो. सहा माणसांच्या तंबूला अख्खी खोली किंवा गच्ची लागते. ती सोय नसेल तर एक-दोन दिवसांत बुरशीचा वास येऊ लागतो, आणि कापडाच्या आतला पॉलियुरेथेनचा लेप पुढे चिकट होऊन सुटतो. तंबू विकत घ्यायचा की भाड्याने आणायचा हे अजून ठरत नसेल, तर घरात तो कुठे वाळवणार ते आधी बघा.