खाते गोठवण्याची तत्पर आणि सोडवण्याची रखडलेली सेवा : एका दुकानदाराचा अभिप्राय

सायबर फसवणुकीच्या तक्रारीवरून पोलिसांच्या सूचनेनुसार बँक खाते गोठवण्याची जी व्यवस्था सध्या देशभर चालू आहे, तिचा एक सेवा म्हणून विचार करून हा अभिप्राय लिहीत आहे. या सेवेचे ग्राहक दोन प्रकारचे असतात. ज्याचे पैसे चोरीला गेले तो तक्रारदार, आणि त्या पैशांचा काही अंश फिरत फिरत ज्याच्या खात्यात येऊन पोहोचला तो खातेदार. पहिल्याने सेवा मागितलेली असते, दुसऱ्यावर ती येऊन पडते. आमचे कोल्हापुरातील विद्युत साहित्याचे दुकान दुसऱ्या प्रकारात मोडते आणि हे परीक्षण त्याच बाजूने लिहिलेले आहे.

आधी चांगली बाजू सांगतो, कारण ती खरोखर चांगली आहे. केंद्रीय गृह मंत्रालयाच्या अखत्यारीतील भारतीय सायबर गुन्हे समन्वय केंद्राने २०२१ मध्ये ही यंत्रणा उभी केली. फसवल्या गेलेल्या माणसाने १९३० या क्रमांकावर फोन केला किंवा राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर तक्रार नोंदवली, की ती संबंधित बँकेपर्यंत लगेच पोहोचते आणि पैसे पुढे गेले असतील तर पुढच्या बँकेकडे सरकते. चोर रक्कम एका खात्यातून दुसऱ्यात आणि दुसऱ्यातून दहा खात्यांत काही मिनिटांत पांगवतो. या टप्प्यांना बँकेतील लोक ‘लेयर’ म्हणतात. गुन्हा दाखल होऊन दंडाधिकाऱ्यांचा आदेश येईपर्यंत थांबायचे ठरवले, तर तोवर पैसे एटीएममधून निघून गेलेले असतील. त्यामुळे संशयावरून रक्कम तातडीने अडवण्याला माझा विरोध नाही. उद्या माझ्या वडिलांची पेन्शन कोणी लुबाडली, तर मीही त्याच क्रमांकावर फोन करीन.

अडचण पुढच्या लेयरमध्ये सुरू होते. तेथे चोराचे साथीदार असतात, तसेच ज्यांच्याकडून त्याने काही विकत घेतले असे दुकानदारही असतात. आमच्याकडे एका अनोळखी गिऱ्हाइकाने पंखे, वायरची बंडले आणि काही एमसीबी घेतले, क्यूआर कोड स्कॅन करून सात हजारांच्या आसपास रक्कम भरली आणि पक्के बिल घेऊन तो गेला. या व्यवहारात आम्हाला संशय यावा असे काहीही नव्हते. काही आठवड्यांनी एका पुरवठादाराचे पेमेंट अडकले, तेव्हा खात्यावर ‘डेबिट फ्रीज’ लागल्याचे, म्हणजे खात्यातून पैसे बाहेर जाणे बंद केल्याचे समजले. आधी सूचना नाही, नंतर नोटीस नाही. शाखेतील अधिकारी सौजन्याने वागले, परंतु परराज्यातील पोलिसांकडून सूचना आली आहे, यापलीकडे त्यांच्याकडे सांगण्यासारखे काही नव्हते. एक तक्रार क्रमांक आणि एक ई-मेल पत्ता चिठ्ठीवर लिहून मिळाला. वादातील रक्कम सात हजारांची आणि अडवलेले मात्र संपूर्ण चालू खाते, हा या सेवेतील सर्वांत मोठा दोष आहे. कामगारांचे पगार, जीएसटीचा भरणा, दुकानाचे वीजबिल हे सगळे त्याच खात्यातून होत असे, आणि आधी दिलेला एक चेक न वटता परत आला तो वेगळाच. व्यापारात पत जायला तेवढे पुरते.

तक्रार निवारणाचा अनुभव याहून निराशाजनक आहे. बँक म्हणते, पोलिसांचा ई-मेल आणा. पोलीस म्हणतात, कागद पाठवा. बिल, स्टॉक रजिस्टर, जीएसटी विवरणपत्रे, पॅन, आधार हे सर्व आम्ही पाठवले. त्यानंतर मूळ कागदांसह जबाब देण्यासाठी प्रत्यक्ष हजर राहावे, असे उत्तर आले. हजर राहायचे ठिकाण रेल्वेने एका रात्रीच्या अंतरावर होते. आमच्यावर आरोप नाही, आमचे नाव कोणत्याही प्रथम खबरी अहवालात नाही, तरीही आपण निर्दोष आहोत हे सिद्ध करण्याचा खर्च आणि वेळ आमचाच. मधल्या काळात टक्केवारीवर खाते ‘उघडून देतो’ म्हणणारे मध्यस्थही भेटले. त्यांच्या वाटेला कोणी जाऊ नये, कारण त्यांच्या हाती ओळखपत्रांच्या प्रती देणे म्हणजे पुढच्या फसवणुकीची सोय करून ठेवणे आहे.

या सेवेच्या अटी व शर्ती कोणी वाचायला देत नाही, त्या शोधाव्या लागतात. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १०६ नुसार, चोरीची असल्याचा संशय असलेली किंवा गुन्ह्याचा संशय निर्माण करणाऱ्या परिस्थितीत आढळलेली कोणतीही मालमत्ता पोलीस अधिकारी जप्त करू शकतो. जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेत हेच कलम १०२ होते. बँक खाते हीदेखील अशी ‘मालमत्ता’ आहे, हे सर्वोच्च न्यायालयाने १९९९ मध्ये महाराष्ट्र शासन विरुद्ध तापस नियोगी या प्रकरणात ठरवले. पुढे २०१९ मध्ये, तेही महाराष्ट्रातून गेलेल्याच एका प्रकरणात, याच न्यायालयाने स्थावर मालमत्ता या कलमाखाली पोलिसांना जप्त करता येत नाही असा निर्णय दिला. म्हणजे दुकानाचा गाळा पोलिसांच्या केवळ सूचनेवरून जात नाही, पण त्या गाळ्यात वर्षानुवर्षे कमावलेली रक्कम एका ई-मेलवर अडते. जप्तीची खबर दंडाधिकाऱ्यांना ताबडतोब द्यावी, असे कलम १०६ मध्येच म्हटले आहे. आमच्या बाबतीत ती दिली गेली का, असे आम्ही लेखी विचारले, आणि त्या प्रश्नाचे उत्तर आजवर मिळालेले नाही.

गुन्ह्यातून मिळालेल्या मालमत्तेसाठी कलम १०७ ही वेगळी वाट आहे. तेथे पोलीस अधीक्षक किंवा आयुक्तांची मंजुरी लागते, तपासी अंमलदाराला न्यायालयात अर्ज करावा लागतो आणि न्यायालय मालकाला १४ दिवसांची कारणे दाखवा नोटीस देऊ शकते. ही वाट लांब आहे, म्हणून ती टाळली जाते, असे माझे मत आहे.

न्यायालयांनी या सेवेतील दोष ओळखलेले नाहीत असे नाही. गोठवणूक वादग्रस्त रकमेपुरतीच ठेवावी, अशी भूमिका केरळ उच्च न्यायालयाने २०२३ मध्ये आणि मद्रास उच्च न्यायालयाने २०२४ मध्ये घेतली. दिल्लीत तर एका छोले-भटूरे विकणाऱ्याचे अख्खे खाते १०५ रुपयांच्या एका व्यवहारापायी बंद झाले होते आणि ते उघडून घ्यायला त्याला उच्च न्यायालयात जावे लागले. १०५ रुपयांसाठी उच्च न्यायालय! निकाल मिळाला तो त्या विक्रेत्याला. पुढच्या खातेदाराला पुन्हा स्वतःचा वकील करावा लागतो, कारण शाखेच्या संगणकावर ‘संपूर्ण खाते’ आणि ‘अमुक रक्कम’ यांतला पहिला पर्यायच सोयीचा ठरतो.

तारे द्यायचेच तर रक्कम अडवण्याच्या वेगाला पाचपैकी चार, आणि खातेदाराला कळवण्याला व खाते सोडण्याला प्रत्येकी एक देईन. बँक शाखेला तीन, कारण आमच्या लेखी अर्जानंतर तिने वरिष्ठ कार्यालयाशी पत्रव्यवहार केला आणि अखेरीस वादातील रक्कम होल्डवर ठेवून उरलेले खाते चालू करून दिले. ही सवलत तोंडी मागून मिळाली नव्हती. ज्यांच्यावर ही वेळ आली आहे त्यांनी शाखेकडे पोहोच घेऊन अर्ज द्यावा आणि त्यात चार गोष्टी मागाव्यात : तक्रारीचा पोचपावती क्रमांक, सूचना देणाऱ्या पोलीस ठाण्याचे नाव, वादातील नेमकी रक्कम, आणि ज्या कलमाखाली सूचना आली ते कलम. सोबत त्या व्यवहाराचा यूटीआर क्रमांक (बँक प्रत्येक व्यवहाराला देते तो ओळख क्रमांक) व बिल जोडावे, आणि होल्ड तेवढ्याच रकमेपुरता ठेवण्याची विनंती वरील निकालांचा उल्लेख करून करावी. राज्यनिहाय तक्रार निवारण अधिकाऱ्यांची यादी सायबर गुन्हे पोर्टलवर आहे, त्यांनाही प्रत पाठवावी. एवढे करूनही दाद मिळाली नाही, तर संहितेच्या कलम ५०३ खाली दंडाधिकाऱ्यांकडे अर्ज करता येतो. आमच्या सात हजारांसाठी तो अर्ज आता तयार होत आहे, आणि वकिलांची फी त्या रकमेहून जास्त आहे.